दूध सोडताना ताटाकडे पाहावे

शाकाहार हा आपल्यापैकी अनेक घरांत कधी निवडीचा विषय झालाच नाही. घरदार, देव्हारा आणि आडनाव यांच्याबरोबर तो वारशानेच आला. कोणी काय खाऊ नये हे कुळावरून, वारावरून आणि महिन्यावरून ठरत असे. ग्वाल्हेर-बडोद्याच्या सरदार घराण्यांत सामिष पक्वान्ने राजरोस शिजत. गोव्यातील सारस्वत घरांत मासळीवाचून घास उतरत नसे, तरी सोमवारी आणि श्रावणात त्याच घरांत निमूटपणे शिवराक रांधले जाई. इंदूर-हैदराबादच्या ब्राह्मण घरांत तर प्रश्नच नव्हता. सारे असे आधीच ठरलेले असल्यामुळे आपल्या ताटात काय आहे आणि ते तेथे कशासाठी आहे, याचा विचार करण्याची पाळी फारशी कोणावर आली नाही.

ती पाळी आता आली आहे, आणि ती आणली आहे आपल्याच घरांतील तरुण मंडळींनी. मांस-मच्छी-अंडे ज्या घरात नव्हतेच, त्या घरातील मुलगा किंवा मुलगी एके दिवशी सांगते की यापुढे मी दूध, दही, ताक, तूप, श्रीखंड, खवा यांपैकी काहीही घेणार नाही, मधसुद्धा नको. या आहाराला 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी रूढ केला. दूधदुभते घेणाऱ्या शाकाहाऱ्यांपासून आपले वेगळेपण सांगण्यासाठी त्यांना एक नाव हवे होते. शब्द परदेशी असल्यामुळे आपल्याकडील वडीलधाऱ्यांना ती कल्पनाही परदेशी वाटते, आणि "हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे" असे म्हणून विषय मिटविला जातो. आमच्या मते हे बरोबर नाही.

वॉटसन यांच्याही कितीतरी आधी, १९१२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मवर गांधीजींनी दूध सोडले होते. कलकत्त्याकडे गाई-म्हशींच्या अंगातून दुधाचा अखेरचा थेंब काढण्यासाठी जे क्रूर प्रकार चालत, त्यांची वर्णने त्यांच्या वाचनात आली होती आणि दुधाविषयी त्यांचे मन विटले होते. पुढे १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीच्या कामासाठी हिंडत असता नडियादला त्यांना आमांशाने गाठले. त्या काळात त्यांचा आहार मुख्यतः शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबे एवढाच होता. प्रकृती इतकी ढासळली की जगण्याची आशा राहिली नाही. शेवटी मुंबईच्या डॉ. दलालांनी दुधाचा आग्रह धरला, तेव्हा कस्तुरबांनी सुचविले की व्रत गाई-म्हशीच्या दुधाचे आहे, शेळीच्या दुधाला काय हरकत? गांधीजींनी ते मानले. मात्र व्रताचे अक्षर राखले, आत्मा गेला, ही टोचणी त्यांना कायम राहिली आणि आपल्या आत्मचरित्रात ती त्यांनी लपविलेली नाही.

ही हकीकत आम्ही दूध सोडणाऱ्यांना भिवविण्यासाठी सांगत नाही. सोडण्यामागचा हेतू कितीही उदात्त असला, तरी सोडलेला पदार्थ शरीरात जे काम करीत होता ते कोणीतरी करावेच लागते, एवढेच तीतून घ्यावयाचे आहे. गांधीजींच्या काळी हे काम नेमके कोणते, याचे ज्ञान अपुरे होते. आज ते आहे.

तेव्हा प्रथम हिशेब मांडू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम. आता आपल्या घरातील एका गृहिणीचे दिवसाचे जेवण घ्या. १५० ग्रॅम कणकेच्या पोळ्या, ७५ ग्रॅम तांदळाचा भात, ३० ग्रॅम तुरीच्या डाळीचे वरण किंवा आमटी, आणि भाज्या. या सर्वांतून फार तर ३२ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यावर चहातले, वाटीतले आणि ताक-दह्याच्या रूपातले मिळून ३०० मिलिलिटर दूध पोटात गेले तर आणखी १० ग्रॅम. बेरीज ४२. म्हणजे दूध घेऊनही ताट थोडे उणेच आहे, आणि जे आहे त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा दुधाचा आहे. मुलीने दूध सोडले की ताटात कोठे भोक पडते हे यावरून ध्यानात यावे. आणि तिची आई जी पातळ आमटी करते, तिच्यात डाळ शोधावी लागते, हेही ध्यानात यावे! आमटीची ही पातळ चाल सर्वत्र दिसते. डाळ महागली की पाणी वाढते, आणि पाहुणा आला की आणखी वाढते.

हे भोक बुजविणे अवघड नाही, आणि त्यासाठी विलायती डबेही लागत नाहीत. पन्नास ग्रॅम कोरड्या मटकीला मोड आणून केलेली उसळ सुमारे ११ ग्रॅम प्रथिने देते. पंचवीस ग्रॅम शेंगदाणे आणखी ६ ग्रॅम. एवढ्याने बेरीज ४९ वर जाते. पिठले, झुणका, कुळथाचे पिठले, वालाची उसळ, चवळी, मेतकूट, डांगर हे आपल्या स्वयंपाकातील जुने जाणते पदार्थ आहेत आणि यांपैकी कशातही दुधाचा थेंब नाही. उसळ ही मात्र रविवारची चैन न राहता रोजच्या ताटात आली पाहिजे. मोड आणल्याने कडधान्यातील लोह शरीराला अधिक सुलभपणे मिळते, आणि वर लिंबू पिळल्यास आणखी. सकाळच्या पोह्यांवर लिंबू पिळण्याची आमच्या माळव्याची रीत या दृष्टीने फार शहाणपणाची. त्याच बशीशेजारी चहाचा पेला ठेवून आपण त्या शहाणपणावर पाणी ओततो, कारण चहातील द्रव्ये लोह अडवून धरतात. चहा तासाभराने घ्यावा.

चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे, गणित थोडे निराळे आहे. शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते, शंभर ग्रॅम नाचणीत ३५० च्या आसपास, आणि तितक्याच तिळांत १,२०० च्याही वर. शंभर ग्रॅम तीळ कोणी खात नाही हे खरे. पण दोन मोठे चमचे तिळाची चटणी आणि एक नाचणीची भाकरी मिळून बरेच काम होते. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाजारातील पांढरेशुभ्र, साल काढलेले तीळ दिसावयास सुरेख, पण तिळातील बहुतेक चुना त्या सालीतच असतो. तेव्हा न सडलेले तीळच आणावेत. कारळ्याची चटणी, माठ, शेवग्याचा पाला हे सोबतीला आहेत. पालकाचा मात्र भरवसा धरू नये. त्यातील चुना आम्लाशी बांधलेला असल्याने फारसा हाती लागत नाही. जवसाच्या चटणीचा गुण वेगळा, तिच्यातील तेल हृदयाला हितकर. ती माळव्यात आणि विदर्भात सारखीच परिचित आहे.

आता सोयाबीनकडे वळू, कारण या धान्याशी आपल्या मराठी वसाहतींचा संबंध वाटतो त्याहून जुना आहे. सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानात अन्नपाहणीचे एक स्वतंत्र खाते होते आणि त्याचे अधिकारी होते एफ. एस. काळे. त्यांनी १९३६ मध्ये सोयाबीनवर इंग्रजीत एक ग्रंथच लिहिला. त्यात लागवडीपासून दूध काढण्यापर्यंत सारे आहे. त्याच सुमारास, १९३५ मध्ये, वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजी सोयाबीन शिजवून सहकाऱ्यांना खाऊ घालीत होते आणि 'हरिजन'मधून त्याविषयी लिहीत होते. पुढे १९७० नंतर माळव्याच्या काळ्या जमिनीत, जी पूर्वी पावसाळ्यात बहुतांशी पडीक राहत असे, सोयाबीन पसरले. १९८७ मध्ये इंदुरातच त्याचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. आणि इतके होऊनही आमच्या इंदूरच्या किती मराठी घरांत सोयाबीन शिजते? तेल काढून उरणारी प्रथिनांनी भरलेली पेंड मुख्यतः जनावरांच्या खाद्याला जाते. दारात पिकते ते परक्याच्या कोंबडीला, आणि घरात मुलीच्या प्रथिनांची चिंता, असा हा प्रकार आहे.

सोयाबीन नावडण्याचे कारण त्याचा उग्र वास. हा वास दाण्यात मुळात नसतो. भिजलेला दाणा थंडच वाटला म्हणजे त्यातील एक पाचकद्रव्य जागे होऊन तो निर्माण होतो. म्हणून भिजविलेले दाणे आधी उकळत्या पाण्यात काही मिनिटे उकळून मगच वाटावेत. कच्चे सोयाबीन पचनाला बाधक असते, तेव्हा ते नीट शिजविणे किंवा भाजणे आवश्यकच. सर्वांत सोपा मार्ग दळणाचा: नऊ किलो गव्हांत एक किलो चांगले भाजलेले सोयाबीन. पोळी मऊ होते, चवीत फरक जाणवत नाही, आणि सासूबाईंच्या लक्षातही येत नाही. बाजारात डब्यातून मिळणाऱ्या बदामाच्या 'दुधा'वर मात्र फार विसंबू नये. त्यात बदाम थोडे आणि पाणी फार असते. दुधाची खरी जागा घेऊ शकेल असे त्यांत सोयाबीनचेच.

येथपर्यंतचा हिशेब आपल्या कोठीघरातून भागला. एका बाबतीत मात्र कोठीघर हात वर करते, आणि या लेखाचे मुख्य कारण तेच आहे. ती बाब म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व.

हे जीवनसत्त्व १९४८ मध्ये वेगळे काढण्यात आले. त्याची गुंतागुंतीची रचना डोरोथी हॉजकिन या विदुषीने उलगडली आणि १९६४ मध्ये तिला नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाला ते दिवसाला केवळ दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागते, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही इतके. पण ते कोणतीही वनस्पती तयार करीत नाही आणि कोणताही प्राणी तयार करीत नाही; ते फक्त जिवाणू तयार करतात. गाईच्या पोटातील जिवाणू ते बनवितात, म्हणून दुधात उतरते. डाळ, भाजी, फळ, तीळ, नाचणी, सोयाबीन यांत कशातही भरवशाचे ब-१२ नाही. मोड आलेल्या कडधान्यांत आहे, इडलीच्या पिठात आहे, स्पिरुलिनाच्या हिरव्या गोळ्यांत आहे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. स्पिरुलिनात जे आहे ते बहुतांशी ब-१२ चे सोंग आहे. माणसाच्या शरीराला त्याचा उपयोग होत नाही.

याची कमतरता फसवी असते. यकृतात साठा असतो आणि तो कित्येक महिने, कधी काही वर्षे पुरतो. म्हणून दूध सोडल्यावर पहिल्या वर्षी मनुष्य उत्साहात सांगतो की मला काहीच झाले नाही, उलट हलके वाटते. मग हळूहळू थकवा, लालसर गुळगुळीत झालेली आणि चुरचुरणारी जीभ, तळपायांना मुंग्या, अंधारात चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा. पालेभाज्यांतील फोलिक आम्ल भरपूर मिळत असले तर रक्त काही काळ ठीक दिसते आणि मज्जातंतूंची हानी मात्र आत चालूच राहते. फार उशीर झाल्यास ती भरून येतेच असे नाही.

दूध पिणाऱ्यांनी येथे सुटकेचा निःश्वास टाकू नये. शंभर मिलिलिटर दुधात ब-१२ साधारण अर्धा मायक्रोग्रॅम किंवा त्याहून थोडे कमी असते. दिवसाची गरज भागावयास अर्धा लिटर तरी दूध हवे. आपल्याकडे सायीसाठी ते पुन्हा पुन्हा तापविले जाते, त्यात काही भाग नाश पावतो. आणि पुष्कळ घरांत, विशेषतः स्त्रियांच्या वाट्याला, दूध म्हणजे दोन वेळच्या चहातले चार घोट. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत गरोदर स्त्रियांची आणि पुढे त्यांच्या मुलांची दीर्घ पाहणी केली. त्या मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांत ब-१२ कमी आढळले. ज्या मातांत ब-१२ कमी पण फोलिक आम्ल अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती, म्हणजे पुढील मधुमेहाची वाट, सर्वाधिक दिसली. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याही पूर्वी, १९६२ मध्ये, वेल्लोरच्या डॉक्टरांनी अंगावर पिणाऱ्या काही अर्भकांची नोंद केली होती. आईच्याच शरीरात ब-१२ नसल्याने ती मुले निस्तेज होऊन, शिकलेल्या हालचालीही विसरत होती.

आमच्या परिचयातील इंदूरच्या एका घरात हा विषय वर्षभर धुमसत होता. नातीने तीन वर्षांपूर्वी दूध सोडलेले. आजी ऐंशीच्या घरातल्या, रात्री पेलाभर दूध घेतल्याशिवाय न झोपणाऱ्या. "अगं, दुधाला नाही म्हणू नये. देवाला काय गुळाचं पाणी दाखवू?" असे त्या म्हणत. "आजी, देवाला तू हवं ते दाखव ना, मी कुठं अडवते? मला फक्त वाटी वाढू नकोस," असे नातीचे उत्तर. शेवटी आजींचे पाय बधिर होऊ लागले म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासण्यास सांगितले, तेव्हा मुलाने दोघींचेही तपासून घेतले. नात ब-१२ ची गोळी न चुकता घेत होती. तिचा आकडा उत्तम. आजींचा फार खाली. "मग माझ्या इतक्या वर्षांच्या दुधाचं काय झालं?" आजींनी विचारले. डॉक्टरांनी समजावले ते असे: वय वाढले की जठरातील आम्ल घटते आणि अन्नातील ब-१२ सुटे होत नाही, त्यात आजी अनेक वर्षे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी रोजची गोळी घेत होत्या, आणि ही दोन्ही औषधे ब-१२ च्या शोषणाला आड येतात. आजींना इंजेक्शने सुरू झाली. घरातील वाद संपला असे आम्ही म्हणणार नाही, पण नातीच्या प्रकृतीची काळजी करण्याचा आजींचा हक्क मात्र थोडा सैल झाला.

तेव्हा ज्याने दूध सोडले आहे त्याने ब-१२ ची गोळी घेतलीच पाहिजे. येथे तडजोडीला जागा नाही. गर्भवतीने आणि अंगावर पाजणाऱ्या मातेने तर एक दिवसही चालढकल करू नये. ही गोळी घेण्यात तत्त्वाला बाध येत नाही, कारण कारखान्यातही ती जिवाणूंकडूनच करवून घेतात. कॅप्सूलचे वेष्टन मात्र बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. म्हणून साधी गोळी मागावी. पाकिटावरील हिरवा ठिपका पाहून फसू नये. त्याचा अर्थ मांस, मासे, अंडे नाही एवढाच. दुधाची भुकटी आत असू शकते. पूर्णपणे वनस्पतिजन्य पदार्थांसाठी २०२२ च्या नियमांनी वेगळे चिन्ह ठरविले आहे. आणि दूध घेणाऱ्या घरांतूनही साठीपुढील मंडळींचे, तसेच मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांचे रक्त डॉक्टरांच्या सल्ल्याने एकदा तपासून घ्यावे.

उपवासाचा दिवस तर दूध सोडलेल्याला कठीणच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीला वाचवितो तो दाण्याचा कूट, तेव्हा तो सढळ हाताने घालावा. राजगिरा आणि वऱ्याचे तांदूळ हे साबुदाण्याहून पुष्कळ बरे.

राहता राहिला सणावाराचा आणि नैवेद्याचा प्रश्न, आणि घरात खरी कटुता येते ती येथेच. श्रीखंड, बासुंदी आणि रबडी यांच्या मुलखात राहणाऱ्या आम्हा माळव्यातील लोकांना दुधावाचून गोडधोड सुचत नाही. कोकणात आणि गोव्यात तसे नाही. तेथे दुधाचे काम नारळाने केव्हाच पत्करले आहे. शिरवाळे नारळाच्या गोड दुधात बुडवून खातात, आणि गोव्याच्या देवळांतून व घरांतून मणगणे होते, ते कोणत्याही खिरीच्या तोडीचे. वाटीभर हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवून मऊ पण अख्खी शिजवावी. मूठभर साबुदाणा वेगळा भिजवून त्यात घालावा आणि तो पारदर्शक होईपर्यंत शिजू द्यावा. एका मोठ्या नारळाचे पहिले दाट दूध बाजूला ठेवून दुसरे पातळ दूध डाळीत ओतावे, पाऊण ते एक वाटी गूळ, चिमटीभर मीठ आणि काजूचे तुकडे घालून पाच-सात मिनिटे मंद विस्तवावर ठेवावे. गूळ विरघळला की वेलदोड्याची पूड टाकून दाट दूध घालावे आणि लगेच खाली उतरवावे. दाट दूध घातल्यावर उकळी आली तर ते फाटते.